फणसाखालचा पाऊस

मु. दहिवली, तालुके कर्जत
कार्तिक वद्य पंचमी, शके १८०८

चिरंजीव बुधाजी यास दादाचा आशीर्वाद. गौराबाईस व मुलांस आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे. तिकडचं काहीच कळत नाही, असं लिहिणार होतो. पण अडीच वर्षांत मीही काही कळवलेलं नाही, तेव्हा तक्रार करायचा हक्क नाही.

नामा, तुझ्या मेव्हण्याला हे पत्र तूच वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. मध्ये थांबू नकोस आणि काही गाळू नकोस. तो उठून जायला लागला तर जाऊ दे. परत आला की जिथं राहिलं तिथून पुढं वाच.

बुधा, या घरात माझ्या हातानं झालेल्या वस्तू अशा. पुढच्या दाराची सागवानी चौकट, जिच्यात लोखंडाचा खिळा एकही नाही. तुझ्या लग्नातला चौरंग. आईचा पाट. विहिरीचा रहाट, त्याचे दात मी तीनदा बदलले. भात मापायची पायली, तालुक्याच्या मापाशी ताडून घेतलेली. हिरड्याची शाई, जिनं हे लिहितो आहे. आणि पाऊस मोजायचं तांब्याचं भांडं, त्याची काठी व त्याची वही. वाटणी झाली तेव्हा तू बैल घेतलास, आईचं जातं घेतलंस, पण यांतलं एकही मागितलं नाहीस. दादाच्या हातचं काही नको, हे न बोलता सांगितलंस. मला ते फार लागलं. आता वाटतं, बरं केलंस. यांतली एक वस्तू खोटी निघाली आहे.

आधी इकडच्या बातम्या लिहितो. तुझ्या वहिनीचा गुडघा धरला आहे. उखळापाशी बसली की उठवत नाही, मग सवयीनं तुला हाक मारते आणि आठवण झाली की भिंत धरून उठते. माझ्याकडे राहिलेला तांबडा बैल आषाढात गेला. तुझी दोन खाचरं मी कोणाला खंडानं दिली नाहीत, मीच लावली. भात झालं, पण बेताचं. रोपं टाकायच्या जागी भाजायला, राबाला, झाडांचे टहाळ नाहीत. नुसतं शेण आणि पाचोळा पसरून राब भाजला तर जमीन तापत नाही; रोपांपेक्षा तण अधिक उगवलं आणि जी रोपं आली ती हळदीसारखी पिवळी. तुला हे काय सांगायचं. तू हे सगळं मला आधीच सांगितलं होतंस.

आता भांड्याचं.

घाटातल्या रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा मी सतरा वर्षांचा सुतार होतो, हे तुला ठाऊक आहे. तिथल्या इंजिनेराच्या तंबूबाहेर पाऊस मोजायचं भांडं होतं. त्याला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. मी हात न लावता ते चार पावसाळे पाहिलं. लाकडांवर रंगवलेल्या आकड्यांवरून आकडे शिकलो, मग अक्षरं शिकलो. काम संपल्यावर पाचव्या वर्षी पेणच्या तांबटाकडून पत्रा आणला आणि भांडं केलं. तोंड आठ इंची. आतली नळी अशी बेतलेली की एक इंच पाऊस तिच्यात दहा इंच चढावा, म्हणजे इंचाचा शंभरावा भागही काठीवर वाचता येतो. अंगणात सागाच्या खांबावर ते बसवलं. माझी सुंदरा तेव्हा तीन वर्षांची होती. सकाळी मी मोजायला निघालो की काठी तिच्या हातात असे.

त्या दिवसापासून वहीत एक दिवस रिकामा नाही. मला हिवताप भरला होता तेव्हाही मी घोंगडी घेऊन अंगणात गेलो. सुंदरा गेली त्या दिवशीचाही आकडा आहे. तीन इंच वीस. गावातले शिकलेले लोक पंचांग बघून पाऊस सांगत आणि मी मनात हसत असे. माझ्याजवळ आकडा होता.

मग चार वर्षांपूर्वीच्या माघात जंगलाचे साहेब आले, उल्हास नदीच्या काठी आमराईत तंबू पडले, ते तुला आठवत असेल. तू माझ्या मागंच उभा होतास. साहेबानं विचारलं, या मुलखातलं हवामान पालटलं आहे का, आणि पालटलं असेल तर कशानं? जुनी माणसं म्हणाली, पूर्वी लय पडायचा. शेजारचा गजा म्हणाला, आगगाडीच्या धुराला ढग बिचकतात. कोणी म्हणालं, घाटाला भोकं पाडली, डोंगराचा देव रागावला. जोशीबुवांनी नक्षत्रं काढली. साहेब स्वतः म्हणाला, आमच्याकडे काही विद्वान सूर्यावरचे डाग मोजतात, डाग वाढले-घटले की पाऊस वाढतो-घटतो असं त्यांना वाटतं. पुढल्या दिवाळीनंतर संध्याकाळी अर्धं आभाळ लाल राहू लागलं. वर्तमानपत्रात आलं की जावाकडे समुद्रात एक डोंगर फुटला आणि त्याची राख सगळ्या पृथ्वीवर फिरते आहे. ते मी नंतर वाचलं. तेव्हा असं काही ठाऊक असतं तर निदान एवढं सुचलं असतं, की ज्या गोष्टीचं कारण हजारो कोसांवर असू शकतं, तिचा निकाल आपल्या अंगणातून देऊ नये.

पण मी वही उलगडली. साहेबानं आधी रुमालानं हात पुसले आणि मग पानं उलटली. त्या हात पुसण्याचा मला जन्मभर पुरेल एवढा अभिमान वाटला. पहिल्या सहा वर्षांची सरासरी एकशे तेहेतीस इंच. शेवटच्या सहांची एकशे नऊ. चोवीस इंच पाऊस कुठं गेला? साहेबानं मागल्या डोंगराकडे बोट केलं. झाडं जातात तसा पाऊस जातो, म्हणाला. लोक राबासाठी दरसाल फांद्या छाटतात आणि हा त्याचा पुरावा. मी मान डोलावली. मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. तू मागून माझी बंडी ओढलीस. मी हात झटकला.

पुढलं तुला सांगायची गरज नाही, पण मला लिहायची आहे. वर्षभरात डोंगर बंद झाल्याची पाटी लागली. फाल्गुनात तू ऐनाच्या झाडाचे टहाळ तोडलेस. पाच भारे, मी मोजले नाहीत, पंचनाम्यात होते. रखवालदारानं तुला चावडीवर आणलं तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालास, “झाड मारलं नाय, सायब. केस कापलं. फिरून येतील.” माणसं हसली. मी हसलो नाही, मी तुझी चूक दुरुस्त करायला गेलो. म्हणालो, याला समज द्या, याला शास्त्र कळत नाही. तुला समज नाही दिली, दोन महिने ठाण्याचा तुरुंग दिला. साहेब माझ्या ओळखीचा होता. एक अर्ज लिहिला असता तर कदाचित ऐकला असता. मी लिहिला नाही. भावासाठी शब्द टाकला तर वहीची किंमत कमी होईल, असं वाटलं.

आई चैत्र शुद्ध अष्टमीला गेली. तू सुटून आलास तेव्हा दारातच विचारलंस, माझं नाव घेतलं का? मी नाही म्हणालो. घेतलं होतं, बुधा. दोनदा. पहिल्यांदा पाणी मागताना माझ्याऐवजी तुझं नाव आलं असेल असं मी धरलं. दुसऱ्यांदा तिनं विचारलं, बुधा जेवला का रं? मी म्हणालो, जेवला. मग ती निजली. हे तुला सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस की आईला मी कुठं आहे हे का सांगितलं नाहीस. म्हणून सांगितलं नाही.

तू निघालास त्या दिवशी अंगणात उभा राहून जे बोललास ते मी कोणाला सांगितलेलं नाही, पण विसरलोही नाही. “दादा, तुझी वही भात खाते का रं?” त्याचं उत्तर आता देतो.

यंदा ज्येष्ठात जुन्या भांड्याच्या सांध्याचं डाख सुटलं. दुरुस्त करण्यापेक्षा नवं करावं म्हणून त्याच मापाचं दुसरं केलं. गळतं का ते पाहायला खळ्यावर मधोमध ठेवलं. दुपारी सर आली. जुन्या भांड्याला मेण लावलं होतं, ते खांबावर होतंच. सर थांबल्यावर दोन्ही मोजली. जुन्यात एक इंच पंचावन्न, नव्यात दोन इंच दहा. मला वाटलं नवं चुकलं. तोंड मोजलं, नळी मोजली, पाणी मापून ओतून पाहिलं, तीनदा. नवं बरोबर होतं. मग जुनं चुकलं असेल म्हणून दुसऱ्या दिवशी अदलाबदल केली: जुनं खळ्यावर, नवं खांबावर. आता जुन्यात जास्त आणि नव्यात कमी. भांडी दोन्ही बरोबर होती. जागा चुकली होती.

खांबाशी उभा राहून वर पाहिलं. वर आभाळ नव्हतं. फणस होता.

पुरा पावसाळा मी दोन वह्या ठेवल्या. खळ्यावर एकशे सत्तावीस इंच चाळीस. फणसाखाली शहाण्णव इंच पंच्याहत्तर. मग जुनी वही पहिल्या पानापासून काढली. फणस ज्या साली खांबाच्या उंचीला आला त्या सालापासून पाऊस कमी होऊ लागला आहे. मोठ्या दुष्काळाची दोन वर्षं वेगळी, तेव्हा खरोखरच सगळीकडे पडला नव्हता. बाकीच्या वर्षांत फणस वाढला तसा माझा पाऊस घटला. अठरा वर्षं मी पाऊस मोजतो असं समजत होतो आणि मोजत होतो फणस. झाडं कमी झाली म्हणून पाऊस कमी झाला, या साहेबाच्या बोलण्याला मी मान डोलावली. आणि माझ्या वहीतला पाऊस कमी झाला होता तो एक झाड मोठं झालं म्हणून. गजाला हे सांगितल्यावर तो पोट धरून हसला. हसू दे.

इथं पत्र संपवता आलं असतं. चूक झाली, लक्षात आली, कबूल केली. नामा, पाणी पिऊन घे आणि पुढं वाच.

बुधा, ती चूक यंदा माझ्या लक्षात आली असं मी आतापर्यंत लिहिलं. ते खरं नाही. साहेब यायच्या आधीच्या पावसाळ्यात आई ओटीवर बसून वाल सोलत होती. मी काठी घेऊन अंगणात गेलो. ती म्हणाली, “आबा, तुझ्या भांड्यावर फणस आलाय रं. पानावर पडलं ते पानाचं झालं, भांड्यात कसं येल?” मी तिला म्हणालो, आई, ही शास्त्राची बाब आहे, वाल सोल. तिनं वाल सोलले. पण मला ते लागून राहिलं, कारण ते बरोबर होतं. तिसऱ्या दिवशी कोयता घेऊन फणसावर चढलो. भांड्यावर आलेल्या फांद्या दोनच होत्या. अर्ध्या घटकेचं काम.

तो फणस सुंदरानं लावला होता. पाच वर्षांची होती. आठळी मातीत पुरली आणि म्हणाली, बाबा, आता हिच्यावरही रोज पाऊस मोजा. दोन वर्षांनी ती तापानं गेली. तू तिला खांद्यावर घेऊन कर्जतच्या वैद्याकडे धावला होतास, मी मागून चालत आलो होतो, कारण सकाळचं मोजायचं राहिलं होतं. त्याच दिवशीचे ते तीन इंच वीस. तेही तू कधी बोलला नाहीस.

मी फांदीला कोयता लावला आणि खाली उतरलो. तोडता येत नव्हतं, ठीक. मग भांडं हलवायचं होतं. खळं वीस पावलांवर होतं. पण भांडं हलवलं असतं तर वहीत लिहावं लागलं असतं की इथून जागा बदलली आणि मागची काही वर्षं धरू नयेत. बिनचूक वहीत चूक लिहावी लागली असती. मी लिहिली नाही. सहा महिन्यांनी तीच वही साहेबासमोर उलगडली. तू बंडी ओढलीस तेव्हा आईनं तुलाही फणसाचं सांगितलं असेल, असं मला वाटून गेलं. म्हणून हात इतक्या जोरात झटकला.

वही भात खाते का, विचारलंस. खाल्लं. तुझं, आणि गावाचं.

या आश्विनात राबाची चौकशी करायला दुसरे साहेब आले. त्यांच्या कागदांत माझ्या जुन्या वहीची नक्कल होती. मला बोलावलं ते होय म्हणायला. मी दोन्ही भांडी आणि दोन्ही वह्या घेऊन गेलो. सगळं गाव होतं, तू तोडलेल्या पाच भाऱ्यांचा पंचनामा लिहिणाराही होता. मी उभा राहून सांगितलं. फणसाचं सांगितलं, आईचं सांगितलं, कोयत्याचं सांगितलं. सुंदराचं सांगितलं नाही, ते कचेरीचं काम नव्हे. गजा मागून म्हणाला, “अठरा वरसं झाडाखाली उभा ऱ्हायला आन् म्हनतो आभाळ आटलं.” सगळे हसले, कचेरीचे शिरस्तेदारही हसले. मी वही मिटली नाही.

साहेबानं विचारलं, मग हवामान पालटलं नाही असं तुमचं म्हणणं आहे का? मी म्हणालो, मला माहीत नाही. सूर्यामुळं पालटतं, राखेमुळं पालटतं, झाडांमुळं पालटतं, की न कळणाऱ्या दहा गोष्टींनी मिळून पालटतं, हे माझ्या वहीवरून सांगता येत नाही. खळ्यावरच्या भांड्याला अजून एकच पावसाळा झाला आहे. आणखी तीस व्हावे लागतील. तेवढा मी जगणार नाही. आणि ते कळेपर्यंत माझ्या भावानं फांद्या छाटल्या म्हणून पाऊस गेला, असं कोणी म्हणू नये. माहीत नाही हा शब्द मी चारचौघांत पहिल्यांदा उच्चारला. जड गेला.

राबापुरता डोंगर मोकळा होईल की नाही, त्याचा निकाल यायचा आहे. माझी जबानी लिहून घेतली, खाली सही मी केली. तुझं नाव जबानीत आहे. तुझा गुन्हा माझ्या वहीतून निघाला, असं मी लिहवून घेतलं. त्यानं ते दोन महिने परत येत नाहीत, आईही येत नाही. ये असं मी म्हणत नाही. तुझी खाचरं आहेत तिथं आहेत. भांडं आता खळ्यावर आहे. फणस उभा आहे, त्याला मी हात लावला नाही. मुलांना येत्या उन्हाळ्यात गरे खायला पाठव, तू नाही आलास तरी.

एक गोष्ट राहिली. बाजारात कोणाकडून ऐकशील तर दादा अजून फुशारकी मारतो असं वाटेल, म्हणून मीच लिहितो. जबानीच्या दुसऱ्या दिवशी शिरस्तेदार घरी आले. पाटावर बसले, आईच्याच. म्हणाले, आबाजी, जबानी अजून पुढं गेलेली नाही, मागं घेता येईल. नवी वही घरात ठेवा, जुनी आहे तशी आम्हाला द्या, फणसाचं काय एवढं. ती छापतील, वर तुमचं नाव घालतील आणि कर्जतला सरकारी पाऊस-मोजणीदार म्हणून तुम्हाला हयातभर नेमतील. छापलेलं नाव मी किती वर्षं मनात वाचत होतो, ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. मी त्यांना गूळपाणी दिलं आणि नको म्हणालो. महिना अठरा रुपये होते.

तुझा दादा
आबाजी